खाण बुडाली म्हणतात, पण बुडालं कोण?



धरण येणार म्हटलं की आपण लगेच विचारतो, कुणाची जमीन जाणार? रस्ता येणार म्हटलं तरी हाच प्रश्न. पण 'तुमच्या डोंगरात सोनं हाय' असं कुणी म्हटलं, की तो प्रश्न जिभेवरच अडकतो. माणसं गप ऐकायला लागतात. वाटतं, आता आपलं नशीब उघडलं.

म्हणून हा लेख. 1993 साली केंद्र सरकारनं नवं खनिज धोरण आणलं. त्याआधी फक्त सरकारसाठी राखलेली तेरा खनिजं त्यानं खासगी कंपन्यांना खुली केली. लोखंड, तांबं, हिरे ही त्यात आहेत, आणि सोनंही आहे. विदेशी भांडवलालाही दार उघडलं. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत सोन्याचा तपास झालेला आहे. उद्या जीप घेऊन माणसं येतील, दगड फोडून पिशव्या भरतील, आणि 'काही नाही, नुसता सर्वे हाय' म्हणून सांगतील. त्या दिवशी आपल्याला आधीचा इतिहास ठाऊक असला पाहिजे. जिथं सोनं सापडलं त्या खाणींच्या गोष्टी सगळे सांगतात. जिथं खाण बुडाली तिथलं कुणी सांगत नाही. आपल्याला तेच ऐकायचं आहे.

होटगीहून गदग

सोलापूरच्या कातळात सोनं नाही. आपला काळा दगड लाव्हाचा. सोनं असतं ते त्याच्या कितीतरी आधीच्या, फार जुन्या खडकात. त्या खडकांना जगभरचे भूवैज्ञानिक 'धारवाड' म्हणूनच ओळखतात, कारण आपल्या दक्षिणेला असलेल्या धारवाडकडे ते उघडे पडलेत. होटगीला गाडीत बसलं, विजापूर, बागलकोट, बदामी मागं टाकलं, की ही गाडी गदगला टेकते. 1997 साली गदगचा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो धारवाडात होता, आणि 1956 पर्यंत हा सगळा मुलूख सोलापूरसारखाच मुंबई राज्यात होता.

गदगच्या दक्षिणेला कप्पतगुड्ड नावाची डोंगरांची रांग आहे. औषधी झाडपाल्यासाठी तिचं नाव आहे. त्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडत. पाऊस पडून ओढा वाहून गेला, की जलगार लोक लाकडी पाटीत वाळू घेऊन धूत बसत. दिवसभर धुतल्यावर चिमूटभर कण हाताला लागायचे. आपल्याकडं सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे झारेकरी असत, भंडाऱ्याकडं सोनझरी आहेत, तसेच हे. त्यांना डोंगर फोडावा लागत नव्हता. डोंगर जेवढं देईल तेवढं पावसाबरोबर खाली यायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायचं. कुणी श्रीमंत झालं नाही, पण ओढाही मेला नाही.

मग साहेबाची नजर पडली. रॉबर्ट ब्रूस फूट हा सरकारी भूवैज्ञानिक तिथं फिरला. त्यानं खडक तपासले, ओढ्यातल्या सोन्याची माहिती घेतली, आणि 1874 साली भूवैज्ञानिक खात्याच्या दप्तरात लिहून ठेवलं. डोंगर सोन्यानं भरलाय असं काही त्याच्या लिहिण्यातून निघत नव्हतं. तरी पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्या आल्याच. होसूर, अट्टीकट्टी, काबुलायतकट्टी, अशा गावोगावी डोंगरात उभ्या विहिरी खणल्या, आडवे बोगदे घातले. तिथल्या एका खाणीचं नाव आजही 'सांगली खाण' आहे. लगतचा शिरहट्टी तालुका तेव्हा सांगलीच्या पटवर्धन संस्थानाचा होता. म्हणजे हा कारभार फक्त गोऱ्यांच्या मुलखात चालला, आपले राजे-रजवाडे बाजूला होते, असं कुणी समजू नये.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच हा सगळा बाजार उठला. सोनं होतं, पण कंपनीचं पोट भरेल एवढं नव्हतं. यंत्रं थांबली, साहेब गेले. विहिरी आणि बोगदे मात्र डोंगरातच राहिले.

इतिहासाच्या पुस्तकात याला एक ओळ मिळते : 'प्रयत्न अयशस्वी झाला.' आपण विचारायचं ते इथंच. अयशस्वी कुणासाठी?

सोनं दगडात कमी, कागदात जास्त

कंपनी म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आपण शेत करतो, पीक आलं तर पैसा, नाही आलं तर कर्ज. कंपनीचं तसं नसतं. कंपनी काढणारा आधी कागद विकतो. त्या कागदाला समभाग म्हणतात, शेअर म्हणतात. 'अमुक डोंगरात सोनं आहे, त्यात तुमचा वाटा' असं सांगून हा कागद लांब शहरातल्या माणसाला विकायचा. डोंगरातून एक गुंजही निघायच्या आत विकणाऱ्याचं घर भरतं. पुढं सोनं निघालं तर बरंच, नाही निघालं तर ज्यानं कागद शेवटी घेतला तो रडतो.

हे मी मनाचं सांगत नाही. सोलापूरहून रायचूरकडं जाणारी मोठी लाइन आहे ना, त्या रायचूरच्या मुलखात निजामाचं राज्य होतं. 1886 साली निजाम सरकारनं आपल्या राज्यातली खनिजं काढायचा मक्ता 99 वर्षांसाठी इंग्रज ठेकेदारांना दिला. त्यांनी लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' काढली. भांडवल दहा लाख पौंड. त्यातले बहुतेक समभाग ठेकेदारांनी मक्त्याचा मोबदला म्हणून स्वतःच्याच नावावर लावून घेतले. हा मक्ता जुळवून आणणारा निजामाचा बडा अधिकारी सरदार अब्दुल हक, त्यानं त्याच कंपनीचे समभाग चढ्या भावानं निजामाच्याच तिजोरीच्या गळ्यात मारले. बोभाटा एवढा झाला, की 1888 साली लंडनच्या पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. अब्दुल हकची नोकरी गेली.

या सगळ्या व्यवहारात रायचूरच्या खेड्यातल्या एका तरी माणसाला कुणी विचारलं का? ज्याच्या रानात विहीर खणणार, त्याचं नाव कुठल्या कागदावर होतं? चौकशी झाली ती निजामाचे पैसे बुडाले म्हणून. गावाचं काय बुडालं याची चौकशी कुठल्याच पार्लमेंटनं केली नाही.

रायचूरकडं वंदलीला खाण निघाली, ती बंद पडली. हट्टीला निघाली, ती 1920 साली बंद पडली. त्या मक्त्यात खरा पैसा दिला तो सिंगरेणीच्या कोळशानं. सोन्याच्या नावावर कंपनी उभी राहिली आणि कोळशावर जगली.

वायनाडचे कुरुंब आणि पणिय

याच्याही आधीची गोष्ट वायनाडची. आज निलगिरी जिल्ह्यात असलेली देवाला, पंदलूर ही गावं. हा आदिवासींचा मुलूख. कुरुंब लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या हातानं सोनं काढत. त्यांच्या जुन्या खाणींचे खड्डे बघूनच साहेबांना डोंगरात सोनं असल्याचं कळलं. म्हणजे ज्ञान आदिवासीचं होतं.

तिथं गोऱ्यांचे कॉफीचे मळे होते. रोग पडून आणि कर्जात जाऊन ते मळे बसले होते. 1879 साली ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या मुलखातून ब्रॉ स्मिथ नावाचा तज्ज्ञ सरकारनं बोलावला. त्याचा अहवाल आला आणि लंडनमध्ये सोन्याचा ताप चढला. दोन वर्षांत तीसच्या वर कंपन्या निघाल्या, चाळीस लाख पौंडांहून जास्त भांडवल कागदावर उभं राहिलं. मळेवाल्यांनी बसलेले मळे सोन्याची जमीन म्हणून लंडनच्या कंपन्यांना कैक पट भावानं विकले आणि कर्जातून मोकळे झाले. मग दगड दळून बघितला तर सोनं निघालं थोडं, खर्च झाला डोंगराएवढा. काही वर्षांत फुगा फुटला.

हिशोब मांडा. मळेवाला मोकळा झाला. कंपनी काढणाऱ्यानं पैसा केला. लंडनचा शेवटचा शेअरवाला बुडाला, त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांनी अश्रू ढाळले. आणि कुरुंब? पणिय? त्यांचं रान आधी कॉफीचं झालं, मग सोन्याचं झालं, आणि सोन्याचं फसल्यावर चहाचं झालं. जमिनीचा मालक तीनदा बदलला. एकदाही ती फिरून आदिवासीकडं आली नाही. पणियांना वाट्याला आली ती मळ्यावरची वेठ.

हीच गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. खाण बुडाली की कंपनी जाते. जमीन परत येत नाही.

जमीन परत का येत नव्हती?

कारण कायदाच तसा लिहिला होता. 1894 चा भूसंपादन कायदा गोऱ्यांनी केला, आपल्या सरकारनंही तो 2013 सालापर्यंत चालू ठेवला. त्याच्या 16 व्या कलमात म्हटलं होतं, की ताबा घेतल्यावर जमीन सगळ्या बोजांतून मुक्त होऊन संपूर्णपणे सरकारची होते. 'बोजा' म्हणजे काय ठाऊक आहे? तुमची वहिवाट, तुमची वाट, तुमची विहीर, तुमच्या म्हाताऱ्यांची समाधी. हे सगळं त्यांच्या भाषेत ओझं. ज्या कामासाठी जमीन घेतली ते काम फसलं, तर मूळ मालकाला ती परत मागायचा हक्क त्या कायद्यात नव्हता.

हे झालं सातबारावाल्याचं. ज्याच्याकडं सातबाराच नाही, त्याचं काय? जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आपला माणूस कागदावर 'अतिक्रमणदार' होता. त्याला ना नोटीस, ना भरपाई. कंपनीला 'खाणपट्टा' मिळायचा वीस ते तीस वर्षांचा, आणि त्याला एक एकर नांगरला म्हणून दंड. फॉरेस्टवाला पावती फाडायचा, बैल सोडून न्यायचा. 1980 चा वनसंरक्षण कायदा दाखवून आपल्याला सांगतात की झाडाला हात लावू नका. तोच कायदा कंपनीला सांगतो, दिल्लीची परवानगी आणा आणि मग खणा. जंगल एकच, दार दोन. एका दाराला कुलूप, दुसऱ्याला दरवान.

सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना हे नवं नाही. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर मुलूख कागदावर अभयारण्य झाला. गावंच्या गावं आत. कुणाला विचारलं होतं? त्याच्याही आधीची गोष्ट सोलापूरच्या सेटलमेंटची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा असल्या जातींना तारेच्या कुंपणात घातलं आणि गिरणीला मजूर पुरवले. विजापूरलाही सेटलमेंट होती, गदगलाही होती. म्हणजे ज्या रुळावरून आपण आत्ता गदगला गेलो, त्या रुळाच्या दोन्ही टोकांना कुंपण होतं. एका बाजूला डोंगर मोजून कंपनीला दिले, दुसऱ्या बाजूला डोंगरात-माळावर फिरणारी माणसं मोजून तारेत घातली. दोन्ही कामं एकाच सरकारची, जवळजवळ एकाच काळातली.

'पण हट्टी तर चालते की!'

हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून उत्तर इथंच देतो. हो, हट्टी चालते. 1920 ला कंपनी सोडून गेली, आणि पंचवीसेक वर्षांनी सरकारनं ती पुन्हा चालू केली. आज ती सरकारी कंपनी सोनं काढते. कोलारही शंभर वर्षांच्या वर चालली.

पण कोलारकडं नीट बघा. तीन किलोमीटरहून खोल माणसं उतरवली. खाली दगड आपोआप फुटतो, स्फोटासारखा, त्यात मजूर गेले. ते मजूर होते कोण? तमिळ मुलखातून आणलेले बहुतेक दलित. साहेबासाठी क्लब आणि बंगले, मजुरासाठी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. ती खाण तोट्यात गेली आणि 2001 साली बंद पडली. आणि दळलेल्या दगडाचे, सायनाईडनं धुतलेल्या मातीचे डोंगर गावाच्या उशाला उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घराघरात. ही झाली *यशस्वी* खाण!

साधा हिशोब सांगतो, पोरांना पाटीवर मांडायला लावा. एक टन दगडात पाच ग्रॅम सोनं निघालं तर खाण बरी म्हणतात. एक तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर. म्हणजे एका तोळ्यासाठी दोन टनांहून जास्त दगड फोडायचा, दळायचा, सायनाईडच्या पाण्यात भिजवायचा. तोळा जाणार शहराला. दोन टन चिखल राहणार तुमच्या ओढ्याच्या काठाला. जलगाराच्या पाटीतली वाळू धुऊन झाली की पुन्हा ओढ्यातच जायची, आणि त्याच ओढ्याचं पाणी तो प्यायचा. सायनाईडचं पाणी कोण पिणार?

तेव्हा 'इथं सोनं आहे का' हा प्रश्न कंपनीचा. तो तिला विचारू द्या. आपला प्रश्न वेगळा आहे : खाण बंद पडेल त्या दिवशी ही जमीन कुणाची असेल? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत एक खुंटीसुद्धा ठोकू द्यायची नाही.

'तुम्ही विकासाच्या आड येता' असं तालुक्याचे पुढारी म्हणतील. त्यांना म्हणा, बाबा, आम्ही आड येत नाही, आम्ही हमी मागतो. बँक शंभर रुपये कर्ज द्यायची असली तरी जामीन मागते. आम्ही डोंगर द्यायचा, आणि जामीन मागायचा नाही?

आपल्या हातात काय आहे

हात रिकामे नाहीत. 1996 साली पेसा कायदा झाला. पाचव्या अनुसूचीच्या भागात जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावा लागतो, आणि लहान खनिजांचा पट्टा द्यायचा तर त्यांची शिफारस लागते. सोनं लहान खनिजांत येत नाही. ही पळवाट आत्ताच ओळखून ठेवा. पण जमीन घ्यायचीच असली तर सल्ल्याचं कलम लागू आहे. 1997 च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं 'समता' खटल्याचा निकाल दिला. तो आंध्रातला. त्यात कोर्टानं सांगितलं, की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खासगी कंपनीला खाणीसाठी पट्ट्यानं देता येणार नाही. गोदावरीच्या पलीकडच्या आपल्याच भावंडांनी हा निकाल लढून आणला.

गडचिरोली, ठाणे, नंदुरबार, मेळघाट, किनवटच्या गावांनी या दोन्ही गोष्टी ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवाव्यात. सोलापूर जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. इथल्या पारध्यांच्या पालांना हे कवच नाही. म्हणून इथं तर कागद जास्तच जपायला लागतात.

गावागावांत पुढची कामं करा :

1. सर्वेवाले आले तर परवानापत्र मागा. कुठल्या खात्याचा, कुठल्या कंपनीचा, कुठल्या गटाचा, किती मुदतीचा, हे वहीत उतरवून घ्या. जीपचा नंबर लिहा. दाखवत नसतील तर ग्रामसभा भरेपर्यंत थांबायला सांगा.

2. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. 'हजेरी हाय' म्हणून घेतलेला अंगठा उद्या 'संमती' होतो.

3. दंडाच्या पावत्या जपा. फॉरेस्टनं फाडलेली पावती ही शिक्षा आहे, पण तोच तुम्ही जमीन कसत होता याचा पुरावाही आहे. महाराष्ट्र सरकारनं 27 डिसेंबर 1978 चा निर्णय काढून 31 मार्च 1978 पर्यंतच्या जंगलजमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करायचं कबूल केलं. ते कित्येक वर्षं पुरं झालं नाही. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा, उंदीर आणि पाऊस दोघांपासून वाचवा.

4. म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवार फिरा. ओढा, देवाचं झाड, समाधी, जुनी विहीर, चराईची वाट यांचा हातनकाशा काढा, ग्रामसभेत वाचा, वहीला लावा. सरकारच्या नकाशात जे नाही ते आपल्या नकाशात असलंच पाहिजे.

5. कंपनीचा किंवा खात्याचा माणूस नोकरीचं आमिष दाखवेल. विचारा : किती माणसं, किती वर्षं, आणि खाण बंद पडल्यावर काय? लेखी मागा.

6. बायांना ग्रामसभेत पुढं बसवा. पाणी आणि सरपण त्या आणतात. ओढा नासला तर पहिल्यांदा त्यांनाच कळतं.

कप्पतगुड्डच्या जलगारांना हे सांगायला कुणी नव्हतं. कंपनीकडं पट्टा होता, सरकारकडं शिक्का होता, जलगाराकडं नुसती लाकडी पाटी. आपल्याकडं आज ग्रामसभा आहे, संघटना आहे, आणि चार अक्षरं वाचणारी पोरं आहेत. ज्याला वाचता येतं त्यानं हे पान पारावर मोठ्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं त्याच्याकडून वाचून घ्यावं. वाचून झालं की पुढच्या गावाला धाडावं.

सोनं सापडो न सापडो, जमीन आमची!
ग्रामसभेला विचारल्याशिवाय खुंटी नाही!
जंगलजमीन कसेल त्याच्या नावावर झालीच पाहिजे!